डावखुऱ्याचं टेबल

मंगळवार, ४ मार्च

भावजी,

जिना उलटा झाला आहे. आज सकाळी सुतारमामांनी वाचनालयात कठडा उभा करून बघितला आणि खात्री करूनच सांगितलं. मी तिथेच होते. गोल जिना चढताना उजवीकडे वळत माळ्यावर जायला हवा होता. तो डावीकडे वळत जातो आणि वर खिडकीसमोर नेऊन सोडतो. मामा कठड्यावर हात ठेवून म्हणाले, "ताई, एकही माप चुकलेलं नाही. नुसता जिना चुकलाय."

वर्षभराने पत्र आणि त्यात पहिलीच ओळ ही, म्हणून रागावू नका. फोन केला तर तुम्ही "बरं आहे" म्हणून ठेवून देता. आणि मी फोनवर बोलले की पलीकडच्या खोलीत तुमच्या दादांना सगळं ऐकू जातं. पत्राला आवाज नसतो.

पायऱ्यांचं मामा निभावून नेतील. पालथ्या घालायच्या, खालची बाजू घासून वर आणायची, पुढची कड पुन्हा गोल करायची. कठड्याला मात्र इलाज नाही. लाकडाच्या पातळ पट्ट्या साच्याभोवती वळवून, चिकटवून केलेला तो. डाव्या वळणाचा कठडा कसाही फिरवला, उभा केला, आडवा केला, तरी डावाच राहतो. मी घरी येऊन हातमोजा घेऊन बघितलं. खरंच आहे.

ग्रंथपालबाई ओरडल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. म्हणाल्या, "एप्रिलमध्ये वाचनालय उघडतंय. एप्रिलच्या बारा तारखेपर्यंत कठडा बसला तर तुमचा जिना, नाही तर मी तयार लोखंडी आणते." आणि मामा नव्या ड्रॉइंगशिवाय लाकडाला हात लावायला तयार नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

तर विचारायचं ते हे. आपल्या ड्रॉइंगच्या ऑफिसात तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर एम दाबलं की काय होतं? बाकी सगळ्या टेबलांवर एम म्हणजे मूव्ह, वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायची. तुमच्या टेबलावर काही वेगळं आहे का? कोणी दाबलं ते सोडून द्या. मीच दाबलं असं समजा. मी हल्ली थोडंथोडं शिकते आहे.

दादा बरे आहेत. आईही बऱ्या आहेत.

वहिनी


बुधवार, १२ मार्च

भावजी,

तुमचं कार्ड मिळालं. दोनच ओळी लिहिल्यात, पण काय लिहिल्यात. "एम म्हणजे मिरर. आणि वहिनी, खोटं बोलू नका. नवशिकं माणूस चित्रावर क्लिक करतं, एम दाबत नाही. न बघता एम दाबणारा आपल्या घरात एकच आहे."

बरं, हरले. यांनीच दाबलं.

आता सगळंच सांगते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला हे मामांच्या कारखान्याच्या पायरीवरून घसरले आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर आहे. बोटं बाहेर आहेत, ती हलवा असं डॉक्टरच सांगतात, पण मनगट वळत नाही, म्हणजे माउस धरता येत नाही. तुम्हाला कळवायचं नाही अशी मला ताकीद होती. "त्याला वाटेल, मी बोलावतोय." ताकीद मी पाळली नाही हे त्यांना अजून माहीत नाही.

तर हे तुमच्या टेबलावर का बसले, ते कळलं असेल. ऑफिसात डावीकडे माउस असलेलं ते एकच टेबल.

काम अगदी क्षुल्लक होतं. वाचनालयवाल्यांना जिना खिडकीपासून जरा लांब हवा होता. यांनी सगळा जिना निवडला, एम दाबलं, मधल्या खांबावर एक क्लिक केलं आणि जिथे न्यायचा होता तिथे दुसरं. मूव्हलाही दोन क्लिक लागतात आणि मिररलाही, पण मिररमध्ये त्या दोन क्लिकमधून आरशाची रेघ जाते, हे मला आता कळलं. खाली प्रश्न आला, मूळ आकृती पुसायची का? यांना वाटलं, जुन्या जागेवरचं पुसू का म्हणून विचारतोय. हो म्हणून टाकलं. जिना जागच्या जागी. म्हणजे निदान दिसायला तरी. वरून बघितलं तर गोल जिना कापून ठेवलेल्या केकसारखा दिसतो, आणि केक आरशात बघितला तरी केकच. हे म्हणाले, "त्याचं यंत्रही त्याच्यासारखंच, एकदा सांगून हलत नाही," आणि जिना माउसने ओढून जागेवर नेला.

चढायचा बाणही जिन्याबरोबर उलटा झाला होता. पण त्याच्यापाशी लिहिलेला "वर" हा शब्द सरळच राहिला. तो उलटा दिसला असता तर कोणाच्याही डोळ्यात खुपला असता. मापं तर काय, आरशातलीही तेवढीच भरतात. यांनी सगळी तपासली, मी पुन्हा वाचून दाखवली, आणि ड्रॉइंग मामांकडे गेलं.

खरी अडचण याच्या पुढे आहे. त्या दिवशी वाचनालयातून आल्यावर यांनी कॉम्प्युटर बंद केला, वर कापड टाकलं आणि म्हणाले, "मामांना दुसरा ड्राफ्ट्समन बघायला सांग." मी म्हटलं, एका चुकीने माणूस संपत नाही. म्हणाले, "चुकीने नाही संपत. चूक दिसली नाही म्हणजे संपतो." तेव्हापासून टेबलाजवळ जात नाहीत. ऑफिसात येतात, खिडकीपाशी बसून पेन्सिलींना टोक करतात, तेही डाव्या हाताने, आणि सगळ्या मोडतात.

दुसरा ड्राफ्ट्समन मी आणणार नाही. आणला तर हे पुन्हा टेबलावर बसायचे नाहीत, एवढं मी यांना ओळखते. कठडा यांनीच काढायला हवा. तुम्हाला या म्हणत नाही. फक्त तुमच्या त्या टेबलावर काम कसं करायचं ते लिहून पाठवा. नवशिक्याला सांगतात तसं, मला म्हणूनच लिहा.

वहिनी


गुरुवार, २० मार्च

भावजी,

जाड पाकीट आलं. आईंनीच दारात घेतलं, हातात तोलून बघितलं आणि मला दिलं. "दोघेही माझ्याच पोटचे," म्हणाल्या, "एक उजवा, एक डावा. आणि मधे तू पोस्टमन." म्हणजे त्यांना सगळं ठाऊक आहे. त्यांच्यापासून लपवायला गेले तीच माझी चूक.

तुम्ही लिहिलंत त्याप्रमाणे आधी मीच बसले. कमांड देण्याआधी एस्केप दोनदा दाबायचं, म्हणजे आधीचं काही अर्धवट उरलं असेल तर सुटतं. हे मला फार पटलं. घरातही बोलायच्या आधी तशी एक कळ हवी होती. तीच कमांड पुन्हा हवी असेल तर नुसता स्पेसबार. माउसचं चाक दोनदा दाबलं की हरवलेलं चित्र सगळंच्या सगळं समोर येतं. मी पहिल्या दिवशी चित्र इतक्यांदा हरवलं की चाक गरम व्हायचं बाकी होतं.

निवडायचं कसं, ते शिकताना मात्र हसायला आलं. डावीकडून उजवीकडे चौकट ओढली तर जे पूर्ण आत येईल तेवढंच निवडलं जातं, उजवीकडून डावीकडे ओढली तर नुसता स्पर्श झाला तरी आत. मी आईंना सांगितलं, तुमचं सगळं उजवीकडून डावीकडे. दारात कोणी उभं राहिलं तरी ते जेवायलाच. त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या नवऱ्याचं डावीकडून. अख्खा माणूस मनासारखा असला तरच आत."

मग संध्याकाळी मी ऑफिसात मुद्दाम मोठ्याने वाचायला सुरुवात केली. हे खिडकीपाशी होतेच.

"काय वाचतेस?"

"पुस्तक आणलंय. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग कसं करायचं त्याचं."

"वाच."

मी वाचत गेले. "डाव्या हातात माउस, म्हणून रोजच्या सगळ्या कमांड उजव्या हाताच्या बोटांखाली आणल्या आहेत. एल म्हणजे लाइन. के म्हणजे कॉपी. ओ म्हणजे ऑफसेट. एम म्हणजे मिरर. मूव्हसाठी जे. जे म्हणजे जागा..."

पेन्सिलीला टोक करण्याचा आवाज थांबला.

"जे म्हणजे जागा, असं जगात एकच माणूस म्हणतो," हे म्हणाले.

मी कागद खाली ठेवायला गेले.

"पुढे वाच."

पुढची ओळ होती, "वहिनी, चहाचा कप कीबोर्डपासून लांब ठेवा." ती पण वाचली. आता लपवायचं काय राहिलं होतं? हे उठून आले, माझ्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, "कप लांब ठेव." मी ठेवला. मग म्हणाले, "ऊठ."

डाव्या हातात माउस, उजवं प्लास्टर टेबलाच्या कडेवर टेकवलेलं, आणि बोटं आपोआप तुमच्या अक्षरांवर. मनगट वळवायची गरजच पडली नाही. थोडा वेळ नुसत्या रेघा मारल्या. एल, स्पेस, एल, स्पेस. मग म्हणाले, "हे टेबल मोडक्या हातासाठीच केलंय की काय त्याने?" मी म्हटलं, तुमचं प्लास्टर निघेपर्यंत तसंच समजा.

तुम्ही हे वाचून हसाल, पण जपून हसा. जिना अजून उघडलेला नाही. नुसत्या रेघाच चालल्या आहेत. जिन्याची फाइल आली की हे चष्मा काढून ठेवतात.

वहिनी


शुक्रवार, २८ मार्च

भावजी,

सोमवारी फाइल उघडली. आधी तिची तुम्ही सांगितली तशी नव्या नावाने प्रत करून ठेवली, म्हणजे काहीही झालं तरी जुनं शाबूत. भिंती, खिडकी आणि माळा यांच्या लेयरना, म्हणजे चित्राच्या त्या थरांना, कुलूप लावलं. दिसतात पण हलत नाहीत. हे म्हणाले, "कुलूप लावून काम करायची वेळ आली." पण लावलं.

जिना पुन्हा मिरर करून सरळ करायचा, की पुसून नव्याने काढायचा, यावर एक अख्खी दुपार गेली. मला वाटलं, एम दाबलं की झालं. यांनी ऐकलं नाही. "एकदा आरशात गेलेलं पुन्हा आरशातून काढलं, तर ते खरंच परत आलं की मला तसं वाटलं, हे मी कशावरून सांगू?" म्हणून मधल्या खांबापासून सगळं नव्याने काढलं. एक पायरी, मग ती खांबाभोवती फिरवत बाकीच्या. बाण सगळ्यात आधी काढला आणि पायऱ्यांच्याच लेयरमध्ये ठेवला. ऑफिसातल्या खुर्चीभोवती स्वतः उजवीकडे वळत एक फेरी मारली, मग बाणाकडे बघितलं, मग पुन्हा फेरी.

अक्षरांचं तुम्ही लिहिलं होतं ते त्यांना सगळ्यात जास्त आवडलं. ते एक सेटिंग बदललं की मिरर करताना अक्षरंही उलटी होतात, चूक असेल तर ओरडून सांगतात. हे म्हणाले, "हे मला तीस वर्षांत कोणी सांगितलं नाही." मी म्हटलं, सांगणारा शेजारच्या टेबलावर होता की, तुम्ही विचारलं कुठे? त्यावर यांनी एस्केप दोनदा दाबलं.

आता यांचा प्रश्न, जसाच्या तसा लिहिते, मला त्यातलं निम्मं कळत नाही. "त्याला विचार, कठडा माळ्याला मिळतो तिथे शेवटची वळणं सपाट करायची की चढ तसाच नेऊन तोडायचा. मी सपाट केलंय." सोबत प्रिंट पाठवते आहे. लाल पेन चालवा. हे म्हणालेत तसं. म्हणजे म्हणाले, "त्याला चालवायचा तर चालवू दे." आपल्या घरात तेवढ्याला आमंत्रण म्हणतात.

आणखी एक. लिहू की नको असा विचार करत होते.

तुम्ही ज्या दिवशी गेलात तेव्हा मी दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात होते. हे म्हणत होते, सगळ्या यंत्रांवर एकच पद्धत पाहिजे, उद्या कोणीही कुठेही बसेल. तुम्ही म्हणालात, माझ्या टेबलावर दुसरा कोणी बसणारच नाही. हे म्हणाले, "मग तुझं टेबल घेऊन जा." तुम्ही गेलात, टेबल राहिलं.

तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलं आहे, शॉर्टकट सगळे एका साध्या फाइलमध्ये असतात, ती बदलली की झालं. म्हणजे ज्याच्यावरून भांडण झालं ते यांना तुम्ही गेल्यावर कधीही पुसून टाकता आलं असतं. पुसलं असतं तर एम दाबल्यावर मूव्हच झालं असतं, आणि जिना सरळ राहिला असता. मी परवा विचारलं, का नाही बदललं? हे लाइन काढत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याचं टेबल आहे."

एवढंच. तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

वहिनी


शुक्रवार, ४ एप्रिल

भावजी,

लाल पेन चालवलेली प्रिंट मंगळवारी आली. एकच खूण, कठड्याच्या वरच्या टोकाला. "सपाट बरोबर. पण एक पायरी आधीपासून, नाहीतर माळ्याजवळ हात अचानक खाली जाईल. लहान मुलांचा विशेष." हे प्रिंट घेऊन घराच्या जिन्यापाशी गेले, डाव्या हाताने कठडा धरून वर गेले, खाली आले. आई विचारत होत्या, काय चाललंय. "हात कुठे जातो ते बघतोय." परत येऊन दुरुस्ती केली. मी विचारलं, बरोबर होतं का त्यांचं? म्हणाले, "मुलांचं मला सुचायला हवं होतं."

मामांनी ड्रॉइंग घेतलं, कागद जमिनीवर ठेवला आणि त्याच्याभोवती ते स्वतःही एक फेरी मारून आले. मग यांच्याकडे बघून म्हणाले, "या वेळी उजवीकडेच गेलो." हे हसले. महिन्यात पहिल्यांदा.

काल पट्ट्या चिकटवल्या. अख्ख्या साच्यावर पट्ट्या आवळून धरणारे शिकंजेच शिकंजे. मामा म्हणतात, घाईने सोडायचे नाहीत, सुटले की लाकूड पुन्हा सरळ व्हायला बघतं. पायऱ्या पालथ्या घालून बसल्या आहेत, खालून बघितलं तर जुनं पॉलिश दिसतं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, छान आहे, खाली बसणाऱ्या मुलांना वरच्यापेक्षा चांगलं दिसेल.

तुम्ही प्रिंटच्या मागे पेन्सिलीने विचारलं आहे, "बारा तारखेला, शनिवारी, कठडा किती वाजता लावणार?" यांनी आधी पुढची बाजू वाचली, मग मागची, आणि कागद मला देऊन म्हणाले, "मागे काहीतरी आहे. तुझ्यासाठी असेल."

सकाळी दहाला.

वहिनी


मंगळवार, ८ एप्रिल

भावजी,

तुमचं कार्ड आज आलं. "शुक्रवारच्या शेवटच्या बसने निघून शनिवारी सकाळी पोचतो. फक्त जिना बघायला. संध्याकाळी परत." मी आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "जिना बघायला एवढ्या लांबून? जिनाही खूश होईल."

हे पत्र तुम्हाला निघायच्या आत मिळावं म्हणून आजच टाकते आहे.

शिकंजे काल सुटले. कठडा सुटल्यावर जेमतेम बोटभर उघडला, मामांच्या मते तेवढं चालतं. वळण उजवं आहे. मी हातमोजा घेऊन गेले होते. मामांनी बघितलं आणि नंतर स्वतः मागून घेतला.

यांचं प्लास्टर उद्या निघणार आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, मनगट मोकळं झालं तरी माउस लगेच नको, सावकाश घ्या. त्यामुळे आणखी काही दिवस तुमच्याच टेबलावर बसावं लागेल असं मला वाटलं होतं. पण आज दुपारी यांनी आपला चष्मा, पट्टी, पेन्सिली सगळं उचलून आपल्या टेबलावर नेलं. मी म्हटलं, अजून हात वळत नाही, तिथे काय करणार? म्हणाले, "माझ्या यंत्रावरही माउस डावीकडे घेतलाय. आणि त्याच्या शॉर्टकटची फाइल इकडे कॉपी केलीय."

"सगळी?"

"सगळी. सगळ्या यंत्रांवर एकच पद्धत पाहिजे."

मी तोंड फिरवून हसले.

तुमच्या टेबलावरचं कापड काढून धुवायला टाकलं आहे. चहाच्या कपाचा एक जुना गोल डाग आहे, तो निघत नाही, तो तुमचाच असणार. खुर्ची यांनी खाली केली होती, ती पुन्हा तुमच्या उंचीला आणली. माउस डावीकडेच आहे.

शनिवारी दहाला मामा कठडा घेऊन वाचनालयात येतील. वरच्या टोकाला मामा, खालच्या टोकाला हे, असं ठरलं होतं. पण यांना अजून वजन उचलायचं नाही, त्यामुळे खालच्या टोकाला धरायला कोणीतरी लागेल. यांनी मामांना सांगितलंय, दुसरा माणूस बघू नका.

वहिनी